भागोजी मास्तरांचा गाण्याचा तास

आंबेखिंडीच्या शाळेत गाण्याचे एक भोळे मास्तर होते, भागोजी. गळा गोड. सांगाल तेवढंच करायचे, आणि सांगाल तसंच करायचे.

मुख्याध्यापिका मालनबाई त्यांना म्हणाल्या, "मास्तर, पोरांना देशोदेशीची गाणी शिकवा. संमेलनाला मोठे साहेब येणार आहेत. त्यांना आवडलं तर गाण्याचा तास राहील, नाहीतर बंद."

मास्तर घाबरले. तास गेला तर खायचं काय आणि गायचं कुठं? त्यांनी लगेच एक जपानी अंगाई काढली. इतकी गोड म्हटली की अख्खा वर्ग झोपला. मास्तरांनी हळूच दार लोटलं आणि पाय न वाजवता घरी गेले. संध्याकाळी आया पोरं शोधत शाळेत आल्या.

बाई म्हणाल्या, "अहो, कुणी पेंगायला लागलं की टाळ्या वाजवून दणक्यात गायचं."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या नातीचं बारसं होतं. मास्तर पोरांना घेऊन गेले. पाळण्यात बाळाचा नुकताच डोळा लागत होता. मास्तरांनी खूण केली. पोरांनी टाळ्या पिटत आफ्रिकेतलं सुगीचं गाणं सुरू केलं. बाळानं असं भोकाड पसरलं की नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, तरी थांबेना.

बाई म्हणाल्या, "रडणारं माणूस दिसलं की आवाज खाली आणावा, मास्तर. त्याच्या दुःखात आपणही सामील व्हावं."

"बरं बाई."

पुढच्या आठवड्यात गावात लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी नवरी रडायला लागली. मास्तरांनी पोरांना पुढे केलं आणि आयर्लंडातलं मयताचं गाणं धरलं. पोरं हुंदके देऊन गायली. नवरी रडायची थांबली आणि बघतच राहिली. नवरदेवाची आत्या मात्र ऊर बडवायला लागली.

रस्त्यानं जाणाऱ्या एकानं टोपी काढून विचारलं, "कोण गेलं?"

"या घरची लेक," मास्तर म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आता रडगाणं बंद. संमेलनाला जोराचं काहीतरी घ्या. खलाशी दोर ओढताना म्हणतात ना, तसलं."

"बरं बाई. पण दोर?"

"ते तुम्ही बघा."

संमेलनाला साहेब पहिल्या रांगेत बसले. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. जाड दोर एकच होता, मंडपाचा. तो त्यांनी खुंटीवरून सोडवला आणि पोरांच्या हातात दिला. ओळीला एक हिसका. पहिल्या ओळीला मंडप हलला. साहेब मान डोलवत होते. दुसऱ्या ओळीला खांब कलला. तिसरीला तो निसटलाच, आणि सगळं कापड पोरांच्या हातातल्या दोरावर तोललं गेलं.

बाई धावत आल्या. "मास्तर, दोर!"

"काय करू दोराचं?"

"सोडा आधी तो."

मास्तरांनी पोरांना दोर सोडायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं साहेब कापडाखालून बाहेर आले. चष्मा एका कानाला लोंबत होता.

"गाणं चांगलं होतं," ते म्हणाले. "तास चालू ठेवा. पण यापुढे उघड्यावर घ्या."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं साहेब."

सोमवारी बाई शाळेत आल्या. अंगणात पोरं रांगेनं उभी होती आणि गात गात कौलं एकमेकांच्या हातात देत होती. मास्तर वर आढ्यावर बसले होते.

"मास्तर, हे काय चाललंय?"

"थोडं थांबा बाई," मास्तर वरून म्हणाले. "एवढी एक ओळ उतरली की तास सुरू करतो."