निवृत्तीचं सोयीचं घर

एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणायचं ते त्याच्या आईच्या भिडेखातर. गाव त्याला दुसरंच काही म्हणायचं. अंगानं बैल, मनानं लोणी, आणि डोक्यात तुम्ही घालाल तेवढंच. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.

त्याला तालुक्याच्या गावी डाळमिलमध्ये पोती शिवायचं काम लागलं. बायको हौसा आणि तान्ही पोरगी घेऊन तो थोरल्या बहिणीकडं, वच्छीअक्काकडं उतरला. अक्काचं घर ते केवढं! दोन खोल्या. त्यात अक्का, तिचा नवरा, तिची पोरं, शिलाईमशीन आणि एक बोकड. हौसा मोरीपाशी निजायची. पाळणा टांगायला जागा नाही, म्हणून पोरगी पाटीत. कुशीवर वळलं की बोकडाला लागायचं, मग बोकड शिंग दाखवायचा.

एके सकाळी हौसानं पदर खोचला. "अहो, मला माझं घर पाहिजे. भाड्याचं का होईना. नाहीतर पोरीला घेऊन मी निघाले माहेराला!"

निवृत्ती धसकला. हौसा नसली तर डाव्या पायातली वहाण कुठली नि उजव्यातली कुठली, हे सांगायलाही त्याला कोणी नव्हतं.

"कसलं घर बघू?"

"सोयीचं बघा. पाणी बघा, ऊन बघा, वारा बघा."

पूर्वी डोक्यावर कौल नि दाराला कडी असली की त्याला घर म्हणायचे. आता सोयी बघतात. बघोत बापडे.

पेठेमागं एका इमारतीत जागा रिकामी होती. निवृत्ती गेला. नळाखालच्या बादलीत वाकून पाणी बघितलं. गच्चीवर जाऊन ऊन बघितलं, डोळ्यांपुढं काजवे येईपर्यंत बघितलं. वारा काही दिसेना, म्हणून दोरीवरचं धोतर हलेपर्यंत उभा राहिला. बरोबर मालकही उभा. घामानं चिंब.

"जागा पसंत आहे का पाव्हणं?"

"ते सांगितलेलं नाही. मला बघायला सांगितलंय."

"मग घेणार का नाही?"

"घ्यायचंही सांगितलेलं नाही."

असं म्हणून निवृत्तीनं हात जोडले नि घरची वाट धरली. मागून एक मास्तर आला, त्यानं उभ्या उभ्या जागा घेऊन टाकली.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, नुसतं बघून काय कळतंय? चालवून बघायचं! नळ सोडायचा, बटणं दाबायची. मग कळतं घर."

"असं होय? पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या जागेत अजून जुनं बिऱ्हाड होतं. निवृत्ती दारातून म्हणाला, "ताई, चालवून बघतो." ताई सैपाकात. "बघा की दादा," म्हणाल्या. घ्या! परवानगी मिळाली.

त्यानं सगळे नळ सोडले. सगळे पंखे लावले. मिक्सर लावला. मिक्सरमध्ये लसणाची चटणी होती आणि झाकण नव्हतं. छतापर्यंत गेली. खाटेवर आजोबा निजले होते, त्यांना उठवून चालवून बघितलं. काठीशिवाय पाऊल टाकीनात. "एवढं एक बिघडलंय," निवृत्ती म्हणाला, आणि लिफ्टमध्ये शिरला. तिथली सगळी बटणं दाबली. तांबडं दाबल्यावर घंटा वाजली. ती त्याला इतकी आवडली की परत परत वाजवली. इमारतीतली माणसं पोरंबाळं काखेत मारून रस्त्यावर आली.

हौसा वाटच बघत होती. "पाणी आहे का तिथं?"

"भरपूर होतं."

"होतं?"

"संपेपर्यंत बघितलं."

त्या गावाला नळ दिवसाआड यायचा. सगळ्या इमारतीची टाकी निवृत्तीनं बघून संपवली होती. पाठोपाठ त्या इमारतीतल्या बाया रिकाम्या बादल्या घेऊन अक्काच्या दारात आल्या. त्या काय काय बोलल्या ते लहान पोरांसमोर सांगण्यासारखं नाही. अक्कानं घरातला रांजण त्यांच्या बादल्यांत ओतला आणि भावाकडं असं बघितलं की बोकडसुद्धा कोपऱ्यात गेला.

हौसा म्हणाली, "अहो, बघून झालं की बंद करायचं! घरातून निघताना सगळं बंद. काही उघडं ठेवायचं नाही. आता तरी नीट करा, नाहीतर मी निघाले माहेराला!"

"असं होय? पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसरी जागा सपकाळांची. सपकाळ म्हणजे पेन्शनीतले पोस्टमन, एकटा जीव. जागा झकास होती. सैपाकघरात सकाळचं ऊन, पुढं गॅलरी, गॅलरीत कपड्यांना दोरी. निवृत्तीचा सरळ चेहरा बघून सपकाळांना माणूस आवडला. "थांबा, पाणी आणतो," म्हणून ते आत गेले.

पण निवृत्तीचं बघून झालं होतं. त्यानं नळ पिळले. खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. दार ओढून कडी घातली, कडीतलं कुलूप दाबलं, किल्ली खिशात टाकली. जिन्याखाली सगळ्या इमारतीच्या विजेचा मोठा खटका होता, तोही खाली ओढला. वर लिफ्टमध्ये एक काकू दळणाचा डबा घेऊन निघाल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. सपकाळ आत राहिले. पण सपकाळांना उघडं ठेवा, असं कोणी सांगितलं होतं?

"कसं आहे घर?" हौसानं विचारलं.

"एक नंबर. सगळं बंद करून आलोय." निवृत्तीनं किल्ली नाचवली.

"आणि मालक?"

"तेही बंद आहेत."

हौसा पोरीला काखोटीला मारून पळत सुटली. सपकाळ गॅलरीत उभे राहून बोंब मारत होते. हातात पाण्याचा तांब्या तसाच. कुलूप निघालं, काकू निघाल्या, आणि जागा हातची गेली.

वाटेत हौसा रडायच्या घाईला आलेली. एकेक शब्द दगडासारखा ठेवत म्हणाली, "कुलूप लावायच्या आधी मालक बाहेर आलाय का बघायचं. आणि दुसऱ्याची किल्ली खिशात घालून आणायची नाही. मालकाची किल्ली मालकाच्या हातात. कळलं?"

"कळलं. मालक बाहेर. मग कुलूप. मग किल्ली मालकाच्या हातात."

"आता एक चूक झाली ना, तर मी निघालेच माहेराला!"

निवृत्ती घाबरला. मिलमध्ये पोती शिवताना टाक्याटाक्याला घोकत बसला. मालक बाहेर, मग कुलूप, मग किल्ली.

पुढची जागा बघायला हौसा स्वतः गेली. गुंजाळअण्णांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिनं भिंतीला हात लावून ओल बघितली. नळ थोडा सोडला, थोडा बंद केला. शेजारणीला विचारलं, पाणी कधी येतं. छताला पाळण्याचा हूक आहे का बघितलं. होता. "ठरलं," म्हणाली. एवढंच तर असतं. शहाण्या माणसाला वेळ लागत नाही.

हातगाडीवरून सामान आलं. ट्रंक, शेगडी, दोन गाद्या, पाळणा. हौसानं पाळणा टांगला, पोरीला घातलं. पोरगी पाय पसरून झोपली. हौसा घराच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरून बघितले. कशालाच लागले नाहीत. ना मोरीला, ना बोकडाला. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गुंजाळअण्णा कुलूप नि किल्ल्यांचा जुडगा द्यायला आले. ते लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला निघालेले, एसटीची वेळ झालेली.

"अहो," हौसा म्हणाली, "अण्णांची बॅग घ्या, स्टँडवर सोडून या. येताना दूध आणा. मी चहाचं आधण ठेवते."

निवृत्तीनं बॅग उचलली. घरातून निघायची वेळ आली. म्हणजे सगळं घोकलेलं करायची वेळ आली. आज चूक नको.

"अण्णा, तुम्ही आधी बाहेर व्हा."

अण्णा बाहेर होऊन घाईनं जिना उतरू लागले. निवृत्तीनं जिन्यात वाकून खात्री करून घेतली. मालक बाहेर. मग दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. पक्कं होतं.

स्टँडवर गाडी सुटायच्या बेतात. अण्णा पायरीवर चढले. निवृत्तीनं किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या मुठीत कोंबला. अण्णांना वाटलं, विसरलेला आपलाच जुडगा आणून दिला. "फार प्रामाणिक माणूस हो!" असं ते म्हणाले, आणि गाडी नांदेडकडं गेली.

निवृत्ती दूध घेऊन छाती काढून आला. दाराला कुलूप. आतून धडाधड बुक्क्या.

"कुणी कुलूप लावलं हो?"

"मी. मालक बाहेर आल्यावरच लावलं."

"किल्ली कुठाय?"

"मालकाच्या हातात."

"आणि मालक?"

"नांदेडच्या गाडीत."

मग हौसा गॅलरीत आली. निवृत्ती खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला, म्हणजे नीट बोलता येईल. तिनं दोरीला पिशवी बांधून खाली सोडली, कारण पोरीला दूध तर पाहिजे. दूध वर ओढून घेतलं, आणि मग सगळी गल्ली ऐकेल असं ओरडली, "बास झालं! मी निघाले माहेराला!"

खालचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री बाजूला ठेवून बाहेर आला. "नवीन बिऱ्हाड का? कसं काय आहे घर?"

निवृत्तीनं वर बघितलं. दाराचं कुलूप आठवलं. आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा तो मोकळं हसला.

"लई सोयीचं आहे," तो म्हणाला. "पाणी आहे, ऊन आहे, वारा आहे. आणि बायको माहेराला जाते म्हणाली, तरी जाता येत नाही."