उंबरावर सुचलेली गाठ

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी स्वतः पाहिली. तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, ते सोडा.

एका उंबरावर कावळेशेठचा घरटी शिवायचा कारखाना होता. कामाला शिंपी पक्षी. अट एकच: उंबरावर बसून जे सुचेल ते शेठचं. शेठ इतका संशयी, की रोज काम सुटताना शिंप्याची चोच उघडून आत डोकावायचा.

एकदा शिंप्याला वादळातही न सुटणारी गाठ सुचली. ती त्याने आपल्याही घरट्याला घातली. आत बायको अंड्यांवर बसली होती.

शेठ वास काढत आलाच. "कुठे सुचली रे ही?"

"घरीच, शेठ."

"मग चोचीला उंबराचा चीक कसा? गाठ आमची. उसव!"

उसवली तर अंडी खाली. शिंपी म्हणाला, "उसवतो. पण उंबरावर मला रोज आणखी एक सुचायचं. तेही न्या."

"काय?"

"कावळेशेठ चोर आहे."

शेजारच्या फांदीवरच्या साळुंक्या खिदळल्या. शेठ किंचाळला, "ते तुझं! उंबरावर सुचलेलं सगळंच काही माझं नाही!"

"मग गाठही राहू द्या, शेठ."

शेठ ओशाळून निघून गेला.

खरं सांगतो, त्यातलं 'ओशाळून' तेवढं मी रचलंय.