धावपट्टीचे दिवे

नागपुरात वैमानिकांचा नोकरी मेळावा भरला होता. त्यात सगळ्यांत झगमगीत स्टॉल कुणाचा, तर भरतीप्रमुख सरंजामे साहेबांच्या विमान कंपनीचा! येईल त्याच्यासोबत साहेब फोटो काढायचे, हातात कंपनीची टोपी द्यायचे आणि म्हणायचे, "अर्ज वेबसाइटवर टाका." दरवर्षी हाच खेळ. इथून कुणी नोकरीला लागल्याचं ऐकिवात नव्हतं.

भंडाऱ्याच्या तृप्ती मेश्रामने टोपी परत केली. "टोपी नको साहेब, परीक्षा घ्या."

सगळ्या रांगेसमोर हिची जिरवावी म्हणून साहेबांनी विचारलं, "खाली धावपट्टीचे दिवे दिसताहेत, पण उतरायची परवानगीच मिळत नाही. काय करशील?"

"घिरट्या घालीन. पण दुसरा विमानतळ गाठण्यापुरतं इंधन राखून, वेळेत तिकडे वळेन."

"आणि परवानगी का नाही, हे विचारणार नाहीस?"

"कशाला विचारू? दिवे लावून ठेवायचे आणि उतरू कुणालाच द्यायचं नाही, त्याला विमानतळ म्हणत नाहीत साहेब, रोषणाई म्हणतात!"

कोपऱ्यात एक छोटी कंपनी साध्या टेबलावर मुलाखती घेत होती. तृप्ती तिकडे वळली. तिच्यामागोमाग अख्खी रांग वळली.

साहेबांपुढे टोप्या तेवढ्या उरल्या.