दोन दालनांच्या मधला पक्षी

"एका शब्दात सांगा बाबा. पक्षी की सरपटणारा?"

प्रोफेसर हुद्दारांनी पिशवीतून प्लास्टरचा ठसा काढून नूरशाह फकिराच्या चटईवर ठेवला. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका जिवाचा ठसा.

संग्रहालयाचा निर्णय असा होता : ठसा ज्या दालनात लागेल, त्या दालनाच्या प्रमुखाला दोन वर्षं मुदतवाढ. हुद्दार पक्षी दालनाचे प्रमुख, महिनाअखेर निवृत्त. सरपटणाऱ्यांच्या दालनाच्या कोंडविलकर बाईही महिनाअखेरच.

समितीत मतं तीन-तीन पडली. अध्यक्षांना मत नव्हतं. म्हणूनच ते अध्यक्ष होते. शेवटी टेकडीवरच्या फकिराचा शब्द मानायचं ठरलं. त्यानं आजवर कुणाचीच बाजू घेतली नव्हती.

फकीर वाकला.

"दात आहेत."

"बारीक आहेत, बाबा."

"लांब शेपूट. आत हाडं."

"ती… आहेत."

"पंखांना नख्या."

"पण पिसं बघा ना! पिसं म्हणजे पक्षी. तीस वर्षं हेच शिकवतोय."

"पिसं यालाच होती?"

हुद्दारांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"नाही… काही डायनोसॉरांनाही होती. त्यांना उडता येत नव्हतं."

"मग पिसं कशाला?"

"उबेला. थोडी… दिखाव्याला."

फकिरानं हुद्दारांच्या खांद्यावरच्या सत्काराच्या शालीकडे पाहिलं. ऊन मी म्हणत होतं.

हुद्दारांनी शाल काढून घडी घातली.

"दोन दालनांच्या मधे दार आहे?"

"आहे. अकरा वर्षं कुलूप आहे. बाईंचं आणि माझं बोलणं नाही."

"कुलूप काढ. ठसा दारात ठेव."

"दारात? मग लोक जाणार कसे?"

"अंग चोरून."

"आणि पाटीवर काय लिहू?"

"येथे थांबू नये."

हुद्दार उठले. उतरणीला लागले… आणि परत आले. आवाज एकदम खाली आला होता.

"पण बाबा, मग मुदतवाढ कुणाला?"

चटईवर राहिलेला ठसा फकिरानं उचलून त्यांच्या हातात दिला.

"याला मिळाली होती?"