सरांच्या घरची लाइट

"मागितलं असतं तर दिलं असतं, अक्का. मग ते आले का नाहीत?"

हत्तरगे सरांनी हा प्रश्न टेकडी चढतानाच घोकून आणला होता. सगळा जन्म मुख्याध्यापकी केलेली. प्रश्न विचारायची सवय होती, उत्तराची वाट बघायची नव्हती.

अक्का मठाच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी शेजारचा तांब्या उचलला, वरूनच दोन घोट पाणी प्यायल्या, तांब्या खाली ठेवला.

"कोन आलं न्हाई?"

"शेजारचे. भोसगे. अंबादास भोसगे वारले, अक्का."

"आरं द्येवा…"

"त्यांना श्वासाचं यंत्र होतं. ऑक्सिजनचं. ते विजेवर चालायचं. वादळात खांब पडले आणि गावाची लाइट गेली. एक सिलिंडर होता घरात, तो दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. पोरगा दुसरा आणायला गेला, तर रस्त्यात झाडं आडवी. तो परत येईपर्यंत…"



"आन तुमच्या घरी?"

"माझ्या घरी लाइट होती."

हे वाक्य सर आजवर कितीतरी वेळा बोलले होते. पाहुण्यारावळ्यांत बोलले होते, सत्काराच्या भाषणातसुद्धा बोलले होते. गच्चीवर सोलरची पॅनलं आणि जिन्याखाली कपाटाएवढी बॅटरी, असं गल्लीतलं पहिलं घर त्यांचं. लाइट गेली की ते मुद्दाम गॅलरीत येऊन उभे राहायचे. अंधारात बुडालेली गल्ली बघून त्यांना बरं वाटायचं. आता शेजारचा माणूस गेला म्हणून हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आज मात्र ते वाक्य बोलताना त्यांची मान खाली गेली.

"पंखा चालू होता?"

"हो."

"टीव्ही?"

"…वादळाच्या बातम्या बघत होतो."

ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं होतं आणि सर उन्हात होते. त्यांनी घाम पुसला, ओठांवरून जीभ फिरवली. अक्कांनी पुन्हा तांब्या उचलला, पुन्हा दोन घोट प्यायल्या. सरांनी नजर दुसरीकडं वळवली.

"मी काही वाईट माणूस नाही, अक्का."

"तसं कोन म्हणलं?"

"तुम्हाला ठाऊक नसेल, दिवसा माझ्या घरात लागते त्याहून जास्त वीज तयार होते. उरलेली मी बाहेर सोडतो. ती खांबावरून गल्लीतच जाते, आणि सगळ्यात आधी शेजारच्या घरात. म्हणजे अंबादासचं यंत्र कैक दुपारी माझ्याच विजेवर चाललं असेल. न मागता!"

"मंग रोज देत हुताव की."

"तेच तर म्हणतोय!"

"आन त्या दिवशी?"

सर थोडे सावरून बसले. शिकवायचं म्हटलं की त्यांना उभारी यायची, ती अशा वेळीही आली.

"त्या दिवशी बाहेरची लाइन मेलेली होती. लाइन मेली की माझं सोलरचं यंत्र आपण होऊन गल्लीचा जोड तोडतं आणि फक्त आपलं घर चालवतं. नाही तोडला तर आपली वीज उलटी खांबावर जाईल आणि दुरुस्तीला चढलेला वायरमन मरेल. म्हणून तसा नियमच आहे."

"यंत्र शानं हाय."

"हो."

"जीव वाचावा म्हनून जोड तोडतंय."

"हो…"

"तुमी कशापायी तोडलाव?"

मठामागच्या लिंबावर कावळा ओरडत होता, सर तिकडंच बघत राहिले.

"भित्तीवरनं एक वायर टाकली आसती, तर अंबादासचं यंत्र चाललं आसतं का?"

सरांनी या प्रश्नाचं उत्तर त्या दिवसापासून मनात हजारदा दिलं होतं. माणसानं तोंडावर विचारलेला मात्र तो पहिल्यांदाच.

"चाललं असतं," ते म्हणाले. "रात्रभर चाललं असतं. सकाळी ऊन आल्यावर पुन्हा…"

"हूं."

"पण मला कुठं माहीत होतं सिलिंडर संपलाय ते! मी काय अंतर्ज्ञानी आहे? एक हाक मारायची होती. मागच्या उन्हाळ्यात त्यांची नात मोबाइल चार्ज करायला आली होती. मी नाही म्हणालो का? करून दिला चार्ज."

"काय बोललाव तिला?"

"काही नाही. बॅटरी कशी चालते ते समजावलं. मुलांना कळायला हवं. किती साठते, कशाला किती खर्च होते, किती टक्के राहिली, तेही दाखवलं…"

"मंग?"

"मग ती म्हणाली, राहू द्या आजोबा, एवढं पुरे. आणि अर्धाच चार्ज झालेला मोबाइल घेऊन गेली."

बोलता बोलता सर अडखळले. ही गोष्ट त्यांनी घरी हसत हसत सांगितली होती. पोरीला गणित झेपलं नाही म्हणून.

अक्कांनी तांब्या उचलला. या वेळी प्यायल्या नाहीत, हातात धरून बसल्या.

"सर, टेकडी चढून आलाव. तहान लागली न्हाई?"

"लागलीय."

"कवापासनं?"

"…आल्यापासून."

"मंग मागितलाव का न्हाई?"

सरांनी तांब्याकडं पाहिलं.

"तुम्ही पीत होता. तांब्या एकच दिसला. इथं वर पाणी आणायला किती त्रास पडत असेल… वाटलं, कशाला मागायचं. आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, घ्या म्हणून."

"मागितलं आसतं तर दिलं आसतं," अक्का म्हणाल्या.

त्यांनी तांब्या पुढं केला. सरांनी दोन्ही हातांनी घेतला. पण तोंडापर्यंत नेला नाही. तांब्या तसाच ओट्यावर टेकवला त्यांनी.



"मी आता त्यांच्या घरी वायर टाकून देतो," सर म्हणाले. "कायमची. काही घेणार नाही."

"कुनासाठी?"

त्या घरात आता विजेवर श्वास घेणारं कुणी राहिलं नव्हतं.

"मातीला गेला हुताव?"

"गेलो होतो. मागं उभा राहिलो."

"आन अंबादासच्या बायकूला, शेवंताबाईला भेटलाव?"

"नाही… धीर होत नाही. त्या दारातच बसलेल्या असतात. मी घरातून बाहेर पडताना मान खाली घालतो. आजसुद्धा पहाटे, त्या उठायच्या आत निघालो. एसटी बदलून आलो. हे तुमच्याशिवाय कुणापुढं बोलता येणार नाही, अक्का. माझी चूक झाली. टीव्हीचा आवाज मोठा होता. पलीकडं काहीतरी धावपळ चाललीय हे मला ऐकू येत होतं… येत होतं, अक्का. मी आवाज वाढवला."

आणि सर रडायला लागले. शाळेतली पोरं ज्यांच्या चपलांचा आवाज ऐकून चिडीचूप व्हायची, ते हत्तरगे सर ओट्याच्या कडेला डोकं टेकवून हमसून हमसून रडले.

अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. रडू ओसरेपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"रडायला येवढ्या लांब कशाला आलाव, सर?"