बुलडोझरची पाळी

फार वर्षांपूर्वी मोठं युद्ध संपलं, तेव्हा पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर फौजेच्या गाड्या उरल्या. परत नेणं परवडेना, म्हणून त्या गाड्या समुद्रात लोटायचं काम बुलडोझरवर आलं.

"दादा, मी अजून धडधाकट आहे," जीप कळवळून म्हणाली. "इथल्या लोकांची आजारी माणसं तरी वाहीन."

"हुकूम म्हणजे हुकूम, बाई," असं म्हणत बुलडोझरने तिला बंदराच्या धक्क्यावरून समुद्रात लोटलं. आपल्यावाचून फौजेचं पान हलत नाही, असं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी धक्का रिकामा झाला. ड्रायव्हरने बुलडोझरचं तोंड समुद्राकडे वळवलं, गिअर टाकला आणि खाली उडी मारली.

कोण ढकलतंय, म्हणून बुलडोझरने मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तो आपल्याच पायांनी चालला होता.