फायद्याची चूक

सामन्यात खरं काय घडलं हे जाणून घ्यायचं, तर तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल? पंचावर, की काठावर बसून ओरडणाऱ्यावर?

फार पूर्वी एका रानात वानरं आणि ससे फांदीला टोपली टांगून बास्केटबॉल खेळत. पंच होती टिटवी. वानरांची कप्तान चिंगी. तिचा बाप हुप्पाजी फांदीवर बसून टिटवीला शिव्या घाली. "डोळे घरट्यात ठेवून आलीस का गं?" वानरांविरुद्ध चुकीचा निकाल गेला, की तो एक चिंचोका बाजूला ठेवी.

एकदा सामना संपल्यावर त्याने मूठभर चिंचोके टिटवीपुढे ओतले. "या बघ तुझ्या चुका. चालती हो."

"चुका होतात माझ्या," टिटवी म्हणाली, "पण रोज शिव्या खायला मी येणार नाही." रानात दुसरा पंच नव्हता. ती गेली असती तर खेळच बंद पडला असता.

चिंगी धावत आली. "थांबा, टिटवीमावशी. बाबा, मी सशाला ढकलून गुण घेतला, ते ढकलणं यांना दिसलं नाही. त्याचा चिंचोका कुठाय?"

"ती चूक आपल्या फायद्याची होती, पोरी."

"मग यांची माफी मागा. नाहीतर मी खेळणार नाही."

हुप्पाजीने मान खाली घातली. "चुकलं, बाई. उद्या या."

"येईन. पण तुम्ही शिवी दिलीत की सामना तिथेच थांबेल."

दुकानातही अशी गिऱ्हाइकं येतात बरं का; माप कमी पडलं की बोंब, जास्त पडलं की पिशवी बंद. तेव्हा एक विनंती: पंचाच्या चुका खुशाल मोजा, पण आपल्या पदरात पडलेली चूकही प्रामाणिकपणे हिशेबात धरा.